घोरणं थांबतं आणि आठ दिवसांनी पुन्हा सुरू होतं, तेव्हा कुठे शोधायचं

घोरण्यावर उपाय विचारला की दहा जण दहा गोष्टी सांगतात. कुणी कुशीवर झोपवा म्हणतं, कुणी नाकात गाईचं तूप सोडायला सांगतं, कुणी ऑनलाइन मिळणारी नाकाची क्लिप पाठवून देतं. त्यातलं एखादं चार रात्री लागू पडतं, पाचव्या रात्री पुन्हा तोच आवाज. मग घरातले म्हणतात, याला काही इलाज नाही, आणि एक जण उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला जातो.

इलाज असतो. फक्त घोरण्याची कारणं अनेक आहेत आणि एकाच माणसात दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. नाक चोंदलेल्याला पाठीला चेंडू बांधून फारसा फरक पडत नाही, आणि जीभ मागे पडणाऱ्याला नाकाची पट्टी लावून उपयोग नाही. आमच्या घरात नवरा घोरायचा आणि सासूबाईही घोरायच्या. दोघांची कारणं वेगळी निघाली, उपायही वेगळे लागले. म्हणून आधी कारण शोधा, मग पैसे खर्च करा.

आवाज येतो कसा

झोपेत सगळे स्नायू सैल पडतात, घशातलेही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ आणि घशाच्या भिंती जरा आत येतात आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोरात ओढली जाते आणि हे मऊ भाग थरथरतात. ती थरथर म्हणजे घोरणं. वाट आणखी चिंचोळी झाली तर काही क्षण पूर्ण बंद होते, श्वास अडतो, मेंदूला जाग येते आणि माणूस झटक्यात हवा घेतो. त्याला स्वतःला सकाळी यातलं काही आठवत नाही. या दुसऱ्या प्रकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात.

'गाढ झोपलाय, म्हणून घोरतोय' हे आपल्याकडे इतक्या सहज म्हटलं जातं की मला त्याची चीड येते. ज्याचा श्वास रात्रभर अडतोय त्याला गाढ झोप मिळतच नाही. तो आठ तास अंथरुणात असतो आणि सकाळी दमलेलाच उठतो.

पहिलं काम: ऐका

शेजारी झोपणाऱ्याने मोबाइलचं साधं रेकॉर्डिंग लावून ठेवावं. एका रात्रीवर निष्कर्ष काढू नका. सुट्टीची रात्र, कामाची रात्र, बाहेर जेवून आलेली रात्र, अशा वेगवेगळ्या रात्रींचं करा. मग सकाळी ते सावकाश ऐका, विशेषतः पहाटेचा भाग, कारण स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात.

ऐकायचं काय, तर लय. घर्र… घर्र… घर्र असा एकसारखा आवाज चालू असेल तर ते नुसतं घोरणं असण्याची शक्यता जास्त. पण आवाज चढत चढत जातो, मग एकदम शांतता, त्या शांततेत छाती-पोट हलताना दिसतं पण हवेचा आवाज नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा फुर्रकन श्वास, असं असेल तर ती शांतता घड्याळ लावून मोजा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला तर डॉक्टरी भाषेत तो ॲप्निया. तपासणीत श्वास पूर्ण थांबणं आणि उथळ होणं दोन्ही धरून ताशी आकडा काढतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र.

जोडीला आठ प्रश्नांची एक यादी आहे, स्टॉप-बँग नावाची, भूलतज्ज्ञही ऑपरेशनच्या आधी ती विचारतात. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का, दिवसा पेंग येते का, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, बीपी आहे का, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या पुढे आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि पुरुष आहात का. तीन-चार 'हो' आले तर मध्यम धोका, पाच किंवा जास्त आले तर जास्त धोका. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने कंठाच्या पातळीवर मोजा. बीएमआयच्या बाबतीत मात्र ३५ ची वाट पाहू नका. आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, आणि हनुवटी लहान किंवा मागे असलेली सडपातळ माणसंही ॲप्नियाची निघतात.

रेकॉर्डिंगमध्ये श्वास थांबलेला ऐकू आला, किंवा यादीत धोका दिसला, तर खालचे घरचे उपाय करत महिने काढू नका. ते जोडीला चालतील, पण आधी डॉक्टर.

आवाज कुठून येतोय, याची घरगुती चाचणी

आरशासमोर उभं राहून जागेपणी करायची. पक्कं निदान होत नाही, पण दिशा कळते.

एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घ्या, मग उलट. नाकपुडी आत ओढली जात असेल किंवा हवा कष्टाने जात असेल तर गाल नाकापासून थोडा बाहेरच्या बाजूला ओढून पुन्हा श्वास घ्या. लगेच मोकळं वाटलं तर अडथळा नाकाच्या पुढच्या भागात आहे आणि नाकावर चिकटवायच्या पट्ट्या अशांनाच उपयोगी पडतात.

मग तोंड उघडून घोरण्याचा आवाज काढा आणि नंतर तोंड मिटून काढा. उघड्या तोंडाने येतो आणि मिटलेल्याने येतच नाही, तर रात्री तोंड उघडं पडतंय. सकाळी घशाला कोरड आणि उशीवर लाळ, हीही त्याचीच खूण.

शेवटी जीभ जमेल तेवढी बाहेर काढून दातांत हलकी धरा आणि घोरून पाहा. आवाज कमी झाला तर जिभेचं मूळ मागे पडतंय. अशा माणसाचं घोरणं उताणं झोपल्यावर वाढतं. कशानेच फरक पडत नसेल तर बहुधा टाळू आणि पडजीभ.

नाक: पुन्हा पुन्हा उलटणारं कारण

घोरणं थांबून परत येतं, तेव्हा मी आधी नाकाकडे पाहते, कारण नाक ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते. दिवाळीच्या आधी घर झाडून काढताना वर्षाची धूळ खाली येते, नंतर फटाक्यांचा धूर. थंडीत ट्रंकेतल्या गोधड्या आणि रजया ऊन न दाखवताच अंगावर येतात. ज्याला धुळीची ॲलर्जी आहे त्याचं घोरणं या तीनही वेळी वाढतं, आणि घरातले म्हणतात, 'परत सुरू झालं.'

झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल जाळू नका, मच्छरदाणी लावा. पंख्याच्या पात्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. उशी किती जुनी आहे ते बघा. कापसाची उशी वर्षानुवर्षं अभ्र्यावर अभ्रे बदलून वापरली जाते, आत मात्र धुळीतले किडे जमलेले असतात. अभ्रे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि गोधड्यांना कडक ऊन द्या.

नाक धुण्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाच्या चमच्याने सपाट चमचाभर मीठ. नेतीच्या भांड्याने किंवा मोठ्या सिरिंजने एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढा, श्वास तोंडाने चालू ठेवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता नाकात घालायचं नाही. त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेक वेळा जीव जातो.

सर्दीत नाक झटकन मोकळं करणारे थेंब मिळतात, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे. यांनी पहिल्या रात्री जादू झाल्यासारखं वाटतं. पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाकाची त्वचा उलट जास्त सुजते आणि थेंबांशिवाय नाक उघडतच नाही. बाटलीवर बाटली घेणाऱ्यांचं हे दुखणं थेंबांनीच वाढवलेलं असतं. ॲलर्जी असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा फवारा देतात. तो सावकाश काम करतो, एक-दोन आठवडे रोज मारावा लागतो, आणि बरेच जण तिसऱ्या दिवशी 'काही होत नाही' म्हणून सोडतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्याकडे नाही. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं.

तुपाचं वा तेलाचं म्हणाल तर कोरडेपणा कमी होऊन बरं वाटू शकतं, पण घोरण्याचं कारण त्याने हलत नाही. आणि रोज रात्री आडवं होताना नाकात तेल सोडत राहिलं तर ते थोडं थोडं फुफ्फुसात उतरू शकतं. वयस्क माणसांना हे करू नका.

ओठांवर चिकटपट्टी लावून झोपायचं खूळ सध्या व्हिडिओंमधून पसरलंय. नाक बंद असलेल्या किंवा श्वास अडणाऱ्या माणसाचं तोंड चिकटवणं धोक्याचं आहे. नका करू.

उताणं झोपल्यावर वाढतं, त्यांच्यासाठी

कुशीवर झोपायला सांगून माणूस रात्रभर कुशीवर राहत नाही. त्याला उताणं होऊच द्यायचं नाही. जुना घट्ट बसणारा टीशर्ट घ्या. पाठीवर, दोन खांद्यांच्या हाडांच्या मधोमध, कापडाचा खिसा उभा शिवा आणि त्यात टेनिसचा चेंडू घालून तोंडही शिवून टाका. नुसती पिन लावली तर चेंडू रात्री घरंगळतो किंवा पिन टोचते. सैल टीशर्ट पोटाकडे फिरतो, म्हणून घट्टच हवा. चेंडू फार रुतत असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी चालते. सुरुवातीला झोपमोड होते. ज्यांना अजिबात सोसत नाही त्यांनी पाठीशी लांब लोड घट्ट लावून झोपावं आणि पुढे एक उशी कवटाळायला घ्यावी, म्हणजे खांदा आखडत नाही.

दोन-तीन उशा एकावर एक ठेवून डोकं उंच करणं मात्र उलटं पडतं. मान मोडते, हनुवटी छातीला टेकते आणि वाट आणखी दबते. उंची हवी असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घालून तेवढी बाजू दहा-पंधरा सेंटिमीटर उचला. रात्री आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांनाही याचा फायदा होतो.

जिभेचे आणि टाळूचे व्यायाम

हे मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण यात खर्च नाही आणि नेमाने केलं तर फरक पडतो. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मध्यम ॲप्निया असलेल्यांना तीन महिने, रोज सुमारे अर्धा तास असे व्यायाम दिले, तेव्हा श्वास अडण्याचा ताशी आकडा सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आला, घोरणंही कमी झालं. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे सरकवायचं. पूर्ण जीभ टाळूला चोखून चिकटवून धरायची. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवून मागचा भाग खाली दाबायचा. तोंड उघडून 'आ' म्हणताना आरशात पडजीभ वर उचलली जाते का ते पाहायचं, आणि ती वर धरून ठेवायची.

शंख वाजवण्याचंही असंच. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने शंखवादन केलेल्यांची दिवसाची पेंग आणि रात्रीचे श्वास-अडथळे, दोन्ही नुसते दीर्घ श्वसन करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण ज्यांच्या देवघरात शंख आहे त्यांनी वाजवायला घ्यायला काहीच हरकत नाही. हृदयाचा आजार, काचबिंदू किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायाम सोडले की स्नायू पुन्हा ढिले पडतात आणि आवाज परत येतो. दात घासण्याच्या वेळेला जोडून घेतले तरच टिकतात.

रात्रीच्या सवयी

दारू घशाचे स्नायू जास्तच सैल करते. एरवी न घोरणाराही त्या रात्री घोरतो, आणि ॲप्निया असलेल्याचे श्वास जास्त वेळ थांबतात. घ्यायचीच असेल तर झोपण्याच्या तीन-चार तास आधी थांबा. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधं हेच करतात. 'झोप नीट लागत नाही' म्हणून घोरणाऱ्याने मनाने झोपेची गोळी घेणं फार वाईट. उशिरा घरी पोचून दहाला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्यांनी रात्रीचं जेवण निदान हलकं ठेवावं. तंबाखू आणि सिगारेटने घशाला सूज राहते.

वजनाचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एकच आकडा देते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन दहा टक्के उतरलं की श्वास अडण्याचा ताशी आकडा सुमारे २६ टक्के कमी होताना दिसला. म्हणजे ८० किलोच्या माणसाला आठ किलो. पूर्ण सडपातळ व्हायची अट नाही.

बायकांचं घोरणं

सासूबाईंना रोज सकाळी डोकं जड असायचं, बीपी दोन गोळ्यांवरही वर राहायचं आणि दुपारी पोथी वाचताना डोळे मिटायचे. वयाचं आहे, असंच सगळे म्हणायचे. त्या घोरतात हे घरात प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानेही डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं, कारण बाईमाणूस घोरते हे बोलायचं कसं. त्या स्वतः तर लग्नाकार्यात सगळ्या बायका हॉलमध्ये एकत्र झोपतात तिथे झोपायलाच तयार नसायच्या.

पाळी जाईपर्यंत संप्रेरकांमुळे बायकांच्या घशाला थोडं संरक्षण असतं, नंतर ते जातं आणि धोका वाढतो. त्यातून बायका घोरण्याची तक्रार घेऊन जात नाहीत. थकवा, डोकेदुखी, निद्रानाश, उदास वाटणं असं सांगतात आणि त्यावरची औषधं घेत राहतात. तुमच्या आईला किंवा सासूला हे सगळं होत असेल तर तुम्हीच सोबत जा आणि घोरण्याचं रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवा. थायरॉइडही तपासून घ्या. थायरॉइड कमी पडलं की घोरणं वाढू शकतं, आणि सासूबाईंचं तसंच होतं. गरोदरपणात नव्याने जोरात घोरणं सुरू झालं तर तेही बीपीसाठी डॉक्टरांच्या कानावर घाला.

लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मान मागे टाकून घामाघूम होत असेल, तर त्याचे टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी बघून घ्या. अशी मुलं दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिडी आणि अस्थिर होतात.

डॉक्टरांकडे

कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा छातीच्या विकारांचे डॉक्टर, दोन्हीपैकी कुणाकडेही सुरुवात करता येते. नाकाचा पडदा फारच वाकडा आहे का, टाळू कुठे बसतो, ते पाहतील. श्वास अडत असल्याची शंका असेल तर झोपेच्या तपासणीबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. ती हॉस्पिटलात रात्रभर राहून होते किंवा छोटं यंत्र घरी देऊनही होते. तपासणीच्या आधीच कुणी टाळूच्या ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. ऑपरेशन योग्य माणसाला चांगलं लागू पडतं, पण त्यासाठी अडथळा नेमका कुठे आहे ते आधी कळायला हवं.

सौम्य ते मध्यम त्रासात आणि जीभ मागे पडणाऱ्यांना दंतवैद्य मापाचं साधन बनवून देतात. रात्री दातांवर बसवलं की खालचा जबडा थोडा पुढे राहतो. मध्यम आणि तीव्र ॲप्नियाला सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवलेली ही युक्ती: मास्कमधून हलक्या दाबाची हवा सतत सोडायची, ती घसा आतून उघडा धरते. चालू असताना घोरणं जवळजवळ थांबतं.

माझा नवरा ते वापरतो. कपाटात पडून राहिलेली यंत्रंही मी नात्यात पाहिली आहेत, आणि ती बहुतेक छोट्या अडचणींपायी बंद पडलेली असतात. मास्कमधून हवा सुटते, तर मास्कचं माप चुकलंय किंवा पट्टे फार आवळलेत. भरघोस मिशीवर नाकपुड्यांत बसणारा मास्क घ्या. नाक कोरडं पडतं, तर आर्द्रतेचं भांडं जोडा, त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. सुरुवातीला गुदमरतं, तर दाब हळूहळू चढवण्याची सोय चालू करा आणि दिवसा टीव्ही पाहताना मास्क लावून सवय करा. कोकणात किंवा गावाकडे पावसाळ्यात रात्रीची वीज जाते, तिथे इन्व्हर्टरवर जोडून घ्या.

वर्षभराने परत सुरू झालं तर

यंत्र असेल तर आधी मास्कची गादी आणि फिल्टर बघा. गादी कडक झाली की कडेने हवा सुटते. यंत्र नसेल तर क्रमाने तपासा: वजन वाढलंय का, नवं औषध सुरू झालंय का, नाक कुठल्या ऋतूत चोंदतंय, व्यायाम कधीपासून सुटले. आणि पुन्हा एकदा रात्रभराचं रेकॉर्डिंग करा, कारण आधी नुसतं घोरणाऱ्याचाही श्वास वयानुसार आणि वजनानुसार पुढे अडायला लागू शकतो. गाडी चालवताना डुलकी येऊ लागली असेल तर एवढं तपासत बसू नका. गाडी दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.